पात्यावरचे शंकरपाळे

कोपरच्या त्या दोन खोल्यांत जे जे काही हलू शकत होतं, त्या सगळ्याला सरांनी पोपटी लोकरीचा एकेक दोरा चिकटवून ठेवला होता. पंख्याच्या पात्यांना, खिडकीच्या गजांना, गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला, कपाटाच्या वरच्या कडेला. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलेले तेव्हा मला वाटलं, कोणाचं तरी बारसं झालेलं दिसतंय. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "बघत काय बसलीयस? माझ्या स्वेटरची बाही आहे ती. उसवली ह्यांनी."

"एकच उसवली," सर आतून ओरडले. "दुसरी आहे अजून."

"एका बाहीचा स्वेटर कोण घालतं हो?"

"पोपटी रंग लांबून दिसतो," सर बाहेर येत म्हणाले, जणू काकूंच्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आलात का ड्रॉइंग? बसा."

सर माणसांना नावाने हाक मारत नसत. स्टोअरचा माणूस म्हणजे 'स्टोअर', अकाउंट्सच्या बाई म्हणजे 'अकाउंट', आणि मी ड्रॉइंग ऑफिसातली म्हणून 'ड्रॉइंग'. काकूंना हे अजिबात मंजूर नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव, गाव, शिक्षण, आईचं माहेर, सगळं विचारून घेतलं आणि सरांना ऐकवलं. सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी पुन्हा 'ड्रॉइंग'च.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. डोंबिवली एमआयडीसीत आमचा फायबर ग्लासचा लहानसा कारखाना होता. पाण्याच्या टाक्या, कूलरची खोकी, होड्यांचे सांगाडे असली कामं. मग मालकांना कुठून तरी पवनचक्क्यांच्या पात्यांचं काम मिळालं. कोकणात समुद्राच्या अंगाला एका कड्यावर एका कंपनीच्या सहा पवनचक्क्या होत्या. त्यांची पाती खारट हवेने खराब व्हायची, ती दुरुस्त करायची, लागलं तर नवी बनवून द्यायची. पाती विभागाचे प्रमुख म्हणून मालकांनी सरांना आणलं. त्या विभागात प्रमुखाशिवाय दुसरं कोणी नव्हतं. सर आधी ठाण्यात एका कॉलेजात शिकवायचे. ती नोकरी त्यांनी का सोडली याबद्दल कारखान्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिन्ही सरांनीच पसरवलेल्या होत्या.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. मी शहाडची, नुकता डिप्लोमा झालेला, जानेवारीची सकाळ, स्टेशनपासून चालत आलेले. मार्कशीटची फाइल मी पुढे सरकवली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"चालत आलात? मग वारा कुठल्या बाजूने होता?"

मी रस्ता डोळ्यांसमोर आणला. मग आठवलं. "समोरून. कारखान्यांचा तो औषधासारखा वास सबंध रस्ताभर तोंडावर येत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वेकडून."

"घेतलं," सर म्हणाले. मग मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आधीच्या चौघांनी वारा नव्हता म्हणून सांगितलं. वारा नव्हता! अहो, मग श्वास कशाचा घेतला?"

सरांना जाऊन आता पंचवीसेक वर्षं होत आली. पण अजूनही बाहेर पडल्यावर मी आधी वारा कुठल्या बाजूने आहे ते बघते, आणि मग छत्री उघडते.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन उदबत्त्या असायच्या. कुठेही गेले की एक पेटवायची आणि धूर कसा जातो ते बघत उभं राहायचं. मालकांना पहिले सहा महिने वाटायचं की हा माणूस फार देवभोळा आहे. एक दिवस सरांनी मालकांच्या केबिनमध्येच उदबत्ती लावली. मालकांनी हात जोडले. सर म्हणाले, "हात कसले जोडता? तुमच्या केबिनमधली हवा त्या कोपऱ्यात मरून पडलीय. ते कपाट हलवा." कपाट हलवलं. मालकांची दुपारची डोकेदुखी थांबली असं मालक स्वतःच सांगायचे. सरांचे पुढचे सगळे हट्ट त्यांनी सहन केले ते बहुतेक त्या कपाटामुळे.

त्यांचा आवडता शब्द होता 'सुटते'. पात्याला चिकटून वाहणारी हवा एखाद्या ठिकाणी पात्यापासून वेगळी होते, तिथे तिचा जोर वाया जातो. त्याला सर म्हणायचे, "इथे हवा सुटते." मोल्डिंगच्या कामगारांसमोर ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मुळाशी हवा फार लवकर सुटते, तिथे लक्ष द्या," आणि कामगार माना खाली घालून गदगदा हसायचे. सरांना कारण कधी कळलं नाही. किंवा कळलं असेल आणि त्यांनी दाखवलं नसेल.

कड्यावरच्या पवनचक्क्या ठरल्यापेक्षा कमी वीज द्यायच्या. कंपनीचे लोक म्हणायचे, कड्यावरचा वाराच कमी पडतो. सरांना ते झोंबायचं. कोणी घरच्या माणसाला नावं ठेवावीत तसे ते लालबुंद व्हायचे. "वारा भरपूर आहे. पातं मुळाशी जाड आहे, तिथे हवा टिकत नाही. वाऱ्याला कशाला बोल लावता?"

त्यांचा उपाय ऐकून मीसुद्धा मनातल्या मनात हसलेले. पात्याच्या पाठीवर, मुळाकडच्या भागात, बोटभर उंचीचे पत्र्याचे त्रिकोण ओळीने उभे चिकटवायचे. गुळगुळीत करायला आम्ही जिवाचं रान करायचो, त्या पात्यावर हे खडबडीत दात! मालक म्हणाले, "सर, आपण पॉलिश करून पैसे घेतो आणि तुम्ही खिळे ठोकायला सांगताय."

सरांनी त्यांना टेबलावर हाताने दाखवलं. "पात्याला चिकटलेली हवा घासून घासून दमलेली असते. तिच्या वरची ताजी असते. हा पत्रा तिरका उभा केला की त्याच्यामागे हवा पीळ घेते. पीळ घेताना वरची ताजी हवा खाली येते आणि दमलेल्या हवेला पुढे ढकलते. मग ती सुटत नाही. बाहेरच्या देशांत लोक हे करतायत. आपण का नाही करायचं?"

"दाखवा करून," मालक म्हणाले. एवढंच ते म्हणाले, आणि सरांनी ते मनावर घेतलं.

हवा सोडून बघायला आमच्याकडे बोगदा नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. मग सरांनी बाळारामला गाठलं. बाळाराम शीळ रस्त्याजवळच्या गावातला, स्वतःचा टेम्पो चालवायचा, आमच्या टाक्या पोचवायचा. रविवारी सकाळी सरांनी त्याच्या टेम्पोच्या हौद्यात लोखंडी चौकट उभी केली, तिच्यावर पात्याच्या मुळाकडचा चार फुटांचा तुकडा बसवला आणि त्याच्या पाठीवर पोपटी लोकरीचे शंभरेक दोरे चिकटवले. बाळाराम कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"सर, यो कं झाड लावलाव माझ्या गाडीवर?"

"वारा नसला तर आपण जाऊ वाऱ्याकडे," सर म्हणाले. "तू फक्त गाडी एकसारखी पळव. ब्रेक मारू नकोस."

"म्हशी आल्या तरी?"

मी कॅमेरा घेऊन हौद्यात बसायचं ठरलं होतं. बाळारामने टेम्पो सुरू करायला साफ नकार दिला. "आधी पोरीला बांदा. ती पडली त मना तिचा बापूस विचारल." मग मला चौकटीला दोरीने बांधलं. गाडी सुटली. टेम्पोला वेग आला तसे पात्यावरचे दोरे ताणले गेले, पण मागच्या अर्ध्या भागातले दोरे मात्र पिसाळल्यासारखे उलटसुलट उडत होते. काही तर चक्क पुढे तोंड करून. तिथे हवा सुटत होती. सर केबिनच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून, मागे बघत ओरडत होते, "दिसतंय का ड्रॉइंग? दिसतंय?"

एका वळणावर हवालदाराने अडवलं. हौद्यात बांधलेली मुलगी बघून त्याचा चेहरा जो काही झाला, तो मी विसरणार नाही. सरांनी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मॅडमना बसायला काहीतरी द्या तरी." बाळारामने मला गोणपाट दिलं.

दुसऱ्या फेरीआधी सरांनी खिशातून डबीच्या पत्र्याचे कापलेले त्रिकोण काढले आणि पात्याच्या पाठीवर तिरके, जोडीजोडीने चिकटवले. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला, कारण मला आधी उघड्या डोळ्यांनी बघायचं होतं. ते पिसाळलेले दोरे एकामागून एक खाली बसत गेले. सगळे नाही, पण बहुतेक. पात्यावर सरळ, मुकाट, विंचरल्यासारखे.

टेम्पो थांबल्यावर सर उतरले. मग त्यांनी बाळारामला मिठी मारली. बाळाराम अवघडून उभा. "मना त्यातला कं समजत नाय सर," तो म्हणाला, "पन दोरं झोपलं हे मी आरशात बघितला."

रोल धुवायला मी डोंबिवलीतल्या एका स्टुडिओत टाकला. फोटोवाल्याने छत्तीसच्या छत्तीस फोटो हातात ठेवत विचारलं, "लग्नाचा रोल होता ना? हे काय आलंय बघा."

ते फोटो बघून मालकांनी परवानगी दिली, आणि कंपनीकडून एका मशीनची, म्हणजे एका पवनचक्कीची, परवानगी मिळवूनही दिली. पण कारखान्यातला एकही कामगार त्यासाठी मिळणार नाही म्हणाले. टाक्यांचा सीझन होता. तीन पाती, प्रत्येकावर साठाच्या वर तुकडे. ते कापायचे, घासायचे, वाकवायचे कोणी? सरांनी अॅल्युमिनियमचा पत्रा घरी नेला.

काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी शाळेतून आल्या तर स्वयंपाकाच्या ओट्यावर पत्रा पसरलेला. सर पत्र्याच्या पट्टीवर तिरके काप देत होते. काकूंनी पर्स खाली ठेवली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "सरका. शंकरपाळे असे कापतात का कोणी? तुमचा एक लहान एक मोठा झालाय."

आणि मग ते कामच त्यांचं झालं. रोज शाळेतून आल्यावर त्या बसायच्या. चौकोनी शंकरपाळा कापायचा, कडा कानशीने घासायच्या, मग कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत वाकवायचा, म्हणजे अर्धा पात्याला चिकटेल आणि अर्धा त्रिकोणासारखा उभा राहील. मी दोनदा मदतीला गेले. माझे तुकडे त्यांनी तपासून निम्मे परत केले. त्यांच्या बोटांना बारीक बारीक चिरा पडलेल्या, हळद लावलेली. ड्रॉइंगवर मी त्या तुकड्यांना इंग्रजीतलं लांबलचक नाव घातलेलं, पण आठवड्याभरात मालकांपासून स्टोअरपर्यंत सगळे त्यांना शंकरपाळेच म्हणायला लागले.

मे महिन्यात आम्ही कड्यावर गेलो. तिथला ऑपरेटर परब, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मशीन थांबवून एक पातं खांबाशी समांतर खाली लोंबतं ठेवायचं, आणि दोरखंडाने पाळणा वर चढवून त्यात बसून एकेक शंकरपाळा चिकटवायचा. मी खालून ड्रॉइंग बघून मापं सांगत होते. तीन दिवस लागले. शेवटच्या दिवशी माझ्या ड्रॉइंगप्रमाणे सगळे लावून झाले, तरी डब्यात शंकरपाळे उरलेच होते. काकूंनी हात राखून केलेच नव्हते. सर पाळण्यातून खाली आले, डब्यात बघितलं आणि पुन्हा वर जायला निघाले.

"सर, ड्रॉइंगमध्ये इथपर्यंतच आहे," मी म्हटलं.

"बावीस बावीस येतील अजून प्रत्येकावर. टोकाच्या बाजूला लावतो."

"पण सर, उरले तर परत नेऊ ना."

सरांनी डब्यातला एक शंकरपाळा उचलला. "दहा संध्याकाळी बसली होती हो ती. बोटं बघितलीत तिची? परत कसे न्यायचे?"

मी गप्प बसले. ते मी आजही स्वतःला विचारते, की मी तेव्हा गप्प का बसले. मला पुस्तकातलं माहीत होतं आणि सरांना तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या जातीच्या मशीनला थांबवायचा ब्रेक असतो, पण जोराच्या वाऱ्यात आवरणारा वेगळा लगाम नसतो. वारा फार वाढला की पात्याच्या बाहेरच्या भागात हवा सुटायलाच हवी, म्हणजे मशीन आपोआप स्वतःला आवरतं. मुळाशी हवा धरून ठेवायची, आणि टोकाकडे तिला सुटू द्यायची. हे सरांनीच मला शिकवलेलं.

जून महिना चांगला गेला. परबने कळवलं की सहा मशीनमध्ये आपलं सगळ्यात पुढे आहे. मालकांनी कारखान्यात पेढे वाटले. जुलैत वाऱ्याचा जोर वाढला आणि एका दुपारी त्या मशीनचा जनरेटर जळला.

कंपनीने परबला निलंबित केलं. त्याने ब्रेक उशिरा लावला, असं ठरलं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये कंपनीचं ऑफिस होतं, तिथे आम्हाला बोलावलं. परबच्या नोंदवहीची नक्कल आदल्या दिवशी आमच्याकडे आलेली. सर ती घेऊन माझ्या टेबलाशी आले. परबने दोन वेगवेगळ्या दिवशी लिहून ठेवलं होतं, 'वारा खूप वाढला तरी विजेचा आकडा खाली येत नाही. साहेबांनी बघावे.' ते कोणी वाचलंच नव्हतं. सर त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. "ते बावीस," ते म्हणाले. बस, इतकंच.

ऑफिसच्या जिन्यात मालक हळूच म्हणाले, "सर, तुम्ही काही बोलू नका. ब्रेक उशिरा लागला असं त्यांचंच म्हणणं आहे. आपल्यावर काही येत नाही. पुढच्या पाच मशीनचं काम आपल्याला मिळतंय."

सरांनी "हं" म्हटलं. मला त्या 'हं'ची भीती वाटली.

आत टेबलापलीकडे तीन अधिकारी, एका बाजूला परब, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसलेला. सर खुर्चीवर बसले, उठले, पंख्याचं बटण बंद केलं आणि खिशातून पत्र काढून वाचायला लागले. "या घटनेत श्री. परब यांचा कोणताही दोष नाही. मी ड्रॉइंगबाहेर जाऊन प्रत्येक पात्याच्या बाहेरच्या भागात बावीस शंकरपाळे जास्त लावले. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात मशीनला स्वतःला आवरता आलं नाही. श्री. परब यांनी ही गोष्ट दोनदा नोंदवली होती."

"काय जास्त लावले?" मधले अधिकारी म्हणाले.

"शंकरपाळे," सर म्हणाले आणि पुढे वाचत राहिले. पत्रात सगळीकडे तोच शब्द होता. दुसरा शब्द त्यांना सुचलाच नसणार.

"ड्रॉइंग कोणी केलं?"

मी उभी राहिले. "मी केलं. ड्रॉइंगमध्ये ते बावीस नव्हते. ते लावताना मी तिथे होते. मी नीट अडवलं नाही."

"तिने सांगितलं होतं," सर म्हणाले. "मी ऐकलं नाही."

"पण का लावले जास्तीचे?" अधिकाऱ्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. "काहीतरी हिशेब असेल ना तुमचा?"

सर पहिल्यांदाच अडखळले. "उरले होते," ते म्हणाले.

"उरले म्हणून लावले?" तिघेही हसले. मालक खाली बघत होते. मला सांगायचं होतं, ते कोणी केले होते ते, आणि ती हळद लावलेली बोटं. सरांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी खाली बसले. परब मात्र हसला नाही. तो सरांकडे एकटक बघत होता.

पाच मशीनचं काम गेलं. परबची नोकरी राहिली. परत येताना ठाणे स्टेशनवर सर मला म्हणाले, "हे काकूंच्या कानावर घालू नका. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

पुढच्याच आठवड्यात सर एकटे एसटीने कड्यावर गेले. वारा पडलेला बघून पाळणा चढवला. परब म्हणाला, "मी जातो वर, पाऊस आहे." सर म्हणाले, "लावले मी, काढणार मीच." पन्नाशी उलटलेला तो माणूस त्या ओल्या दिवसांत दोन दिवस पाळण्यात बसून ते सहासष्ट शंकरपाळे काढत होता. हे मला पुढे परबनेच सांगितलं. आतले, ड्रॉइंगप्रमाणे लावलेले, तसेच राहिले.

कारखान्यात सरांकडे पाती राहिली नाहीत. निवृत्तीपर्यंतची साडेतीन वर्षं त्यांनी पाण्याच्या टाक्या केल्या. मालक कधी टाकून बोलले नाहीत, पण पवनचक्की हा शब्दही पुन्हा काढला नाही. सरांनी टाक्याही तितक्याच आस्थेने केल्या. टाकीच्या झाकणाला हवा जायला भोक कुठे असावं, यावर त्यांनी मला नऊ ड्रॉइंग्ज करायला लावली. फक्त खिडकीशी उभे राहून बाहेरच्या हलत्या झाडाकडे बघत राहायचे तेव्हा कळायचं, पाती मनातून गेलेली नाहीत.

नवा जनरेटर बसला, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोपरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड यायला लागलं. त्यात सहाही मशीनचे महिन्याचे आकडे, आणि खाली 'आपला, परब'. दुसरा मजकूर नसायचा. आमचं मशीन पहिल्या नंबरावर असायचं. जोराच्या वाऱ्यात ते बाकीच्यांसारखंच आवरायचं, आणि साध्या वाऱ्यात सगळ्यांच्या पुढे. सरांनी कार्डं तारेला ओवून भिंतीवर टांगली होती. काकू म्हणायच्या, "लोकांकडे विजेचं बिल असतं तारेला, आमच्याकडे दुसऱ्यांच्या विजेचे आकडे."

निवृत्त झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात परबने आकड्यांखाली पहिल्यांदाच एक ओळ लिहिली. 'एकदा बाईंना घेऊन या.' काकूंनी मशीन कधी बघितलंच नव्हतं. मे अखेरीस आम्ही तिघं गेलो. सरांचा हट्ट की मीही यायला हवं.

सकाळी कड्यावर पोचलो. समुद्राकडून सणसणीत वारा, पाती घुमत होती. काकू पदर खोचून, चष्म्यावर हात धरून वर बघत उभ्या राहिल्या. 

"माझे कुठले?" त्यांनी विचारलं.

"ते काय, मुळाशी," सर म्हणाले. पण फिरत्या पात्यावर बोटभर पत्रा दिसणार कसा?

"मला नाही दिसत."

सरांनी परबकडे बघितलं. "थांबवा," ते म्हणाले.

परबने माझ्याकडे बघितलं. मशीन पाच मिनिटं जरी उभं राहिलं, तरी सर पूर्वी त्याच्याकडून कारण लिहून मागायचे. परब आत गेला. पाती मंद होत गेली आणि थांबली, एक सरळ खाली, खांबाशी. आता उन्हात दोन ओळी चमकत होत्या. काकूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तिरके का लावलेत?"

 आम्ही सगळ्यांनी ते काम केलं, मालकांना कळलं, हवालदारालाही सांगून झालं, पण जिने ते दोनशेच्या वर शंकरपाळे घासले तिला ते तिरके का ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या दगडावर सर खाली बसले, काकूंना शेजारी बसवलं, आणि आपला एक तळहात आडवा धरून त्यावर दुसऱ्या हाताची बोटं तिरकी उभी करून सांगायला लागले. दमलेली हवा, ताजी हवा, पीळ. काकू शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या ऐकत होत्या. मी आणि परब चहा करायला त्याच्या खोलीत गेलो.

कप घेऊन परत आलो तेव्हा काकू म्हणत होत्या, "पण तीन पात्यांचे धरले तरी हे एवढेच कसे? मी तर कितीतरी जास्त केलेले. बाकीचे कुठे गेले?"

सरांनी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. उरलेला डबा, जळलेला जनरेटर, वागळे इस्टेटमधली ती खोली, पाळणा.  शेवटी सर म्हणाले, "परत आणणं मला जमेना."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज शाळेतलाच. "अहो, शंकरपाळे उरले तर काय करतात?"

सरांनी मान वर केली.

"डब्यात भरून ठेवतात," काकू म्हणाल्या. "एवढंही कळू नये?"

सर आधी हसले, मग हसता हसता त्यांनी काकूंचा हात धरला. बाहेर, चारचौघांत, त्या दोघांना असं मी कधीच बघितलेलं नव्हतं. परब दुसरीकडे बघायला लागला. मग थोड्या वेळाने घसा खाकरून त्याने विचारलं, "साहेब, चालू करू काय?"

"थांबा हो," सर म्हणाले. "तिला नीट बघू दे."

त्या सकाळी कड्यावर फार चांगला वारा होता, आणि मशीन अर्धा तास बंद उभं होतं.